मदत हवी आहे : 'नाइस' म्हणजे मूळचा 'मूर्ख', मराठीत असा शब्द आहे का?

नमस्कार मंडळी. मी कोल्हापुरात सातवीला इंग्रजी शिकवते. सोमवारी एका मुलीला उत्तर द्यायचंय, म्हणून हा धागा.

रंकाळ्यावर आजोबांनी घेऊन दिलेल्या भाजलेल्या कणसावर तिनं निबंध लिहिला. मी खाली लाल पेनानं 'नाइस' लिहिलं. शुक्रवारी ती वही घेऊन टेबलापाशी आली, त्या शब्दावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "बाई, दादाच्या मोठ्या डिक्शनरीत ह्याचा जुना अर्थ मूर्ख दिलाय. मला खुळी म्हणालासा व्हय?" वर्ग हसला. तिचे डोळे मात्र भरले होते.

डिक्शनरी बरोबरच आहे. लॅटिनमध्ये 'ने' म्हणजे नाही, 'स्कीरे' म्हणजे जाणणं. त्यावरून 'नेस्किउस', अजाण. फ्रेंचमधून १३००च्या सुमारास तो इंग्रजीत आला तो 'मूर्ख' याच अर्थानं. मग चोखंदळ, नाजूक, काटेकोर असा सरकत अठराव्या शतकात 'छान'वर पोचला. बारीक फरकाला आजही 'नाइस डिस्टिंक्शन' म्हणतात, तो या मधल्या मुक्कामाचा अर्थ. आणि त्याच 'स्कीरे'वरून 'सायन्स' आलाय! हे तिला सांगणारच आहे.

अडलंय ते मराठी उदाहरणापाशी. आधी 'नाद खुळा' आठवलं. पण त्यातला खुळा अजून खुळाच आहे. वेड लागावं इतकं चांगलं, हे आपल्याकडच्या पोरांना सांगावं लागत नाही. 'भयंकर आवडलं'चंही तेच. त्याला 'टेरिफिक' जवळचा, तोही मुळात घाबरवणाराच. 'शाब्बास' तर फारसीतलं 'शाद बाश', आनंदी राहा, म्हणजे पहिल्यापासून चांगलाच. मला असा शब्द हवाय, ज्याचा वाईट अर्थ लोक पार विसरलेत आणि आता तो कौतुकानंच वापरतात. सुचवाल का?

प्रतिसाद :
ताई, 'साहस' घ्या. संस्कृत धर्मशास्त्रात साहस म्हणजे बळजबरीचा गुन्हा. मनुस्मृतीत खटल्यांचे अठरा विषय आहेत, त्यातला एक. आज आपण साहसी पोराची पाठ थोपटतो.

धागाकर्ती :
अगदी हेच हवं होतं, मनापासून आभार! सोमवारी दोन्ही शब्द फळ्यावर शेजारी शेजारी लिहिते. आणि तिच्या वहीत त्या 'नाइस'खाली मराठीत लिहीन : तुझं वाचताना मला कणसाचा वास आला.