किलोचा नाही, रोजचा भाव काढा
कुत्र्याचं ४०० रुपये किलोवालं ड्राय फूड (कोरडं तयार खाणं) परवडत नाही, ३०० वालंच बरं असं कुणी म्हणेल, पण पाकिटावर किलोमागे किती किलोकॅलरी लिहिल्यात ते आधी बघा ना. समजा कुत्र्याला दिवसाला ९०० किलोकॅलरी लागतात, तर ३०० रुपयेवाल्यात किलोमागे ३००० असतील तर ते ३०० ग्रॅम घालावं लागेल आणि ४०० रुपयेवाल्यात ४००० असतील तर २२५ ग्रॅमच, म्हणजे दोन्हीकडे रोजचे ९० रुपये! घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते, पहिलाच मका असेल तर मी तरी घेत नाही, आणि ताजं चिकन पहिलं दिसलं तरी भुलू नका, त्यात बरंचसं पाणीच असतं. स्वस्त पडतं म्हणून मोठं पोतंही नको, पावसाळ्यात खवट झालेलं आमच्या राणीने हुंगून सोडून दिलं होतं. बदलताना आठवडाभर जुन्यात थोडं थोडं मिसळत द्या.