गॉटिंगेनमध्ये भाड्याचे घर : आपापले अनुभव लिहावेत

हिवाळी सत्र ऑक्टोबरात सुरू होते आणि दर वर्षी जुलै उजाडला की पुणे, नाशिक, नागपूर, कोल्हापूरकडून एकच विचारणा येऊ लागते : प्रवेश मिळाला, व्हिसाही मिळेल असे दिसते, पण राहायचे कुठे? गॉटिंगेन हे जर्मनीतील नीडरजाक्सेन राज्यातले, सव्वा लाखाच्या आतबाहेर वस्तीचे शहर. 1737 साली सुरू झालेले विद्यापीठ आणि माक्स प्लांक संस्था यांच्याभोवतीच इथले बरेचसे व्यवहार फिरतात, आणि एवढ्याशा शहरात वीस हजारांहून अधिक विद्यार्थी राहतात. म्युनिक किंवा फ्रँकफर्टच्या मानाने भाडी कमी आहेत हे खरे, परंतु स्वस्त म्हणजे सहज नव्हे. पुण्यात अनामत आणि एजंटचे पैसे तयार असले की बहुतेक वेळा किल्ली हातात पडते. इथे पैसे तयार असूनही घर मिळत नाही, कारण घरमालक आणि त्यांच्याहूनही अधिक सहनिवासी माणूस पारखून घेतात. ही पारख कशी होते आणि घर मिळाल्यावर काय सांभाळावे लागते, हे ज्यांनी अनुभवले आहे त्यांनी सविस्तर लिहावे. घरमालकांची आणि कंपन्यांची नावे कृपया टाळावीत.

पदव्युत्तर विद्यार्थिनी, वेण्डे

विद्यार्थी वसतिगृहांची प्रतीक्षायादी लांब असते, म्हणून प्रवेशपत्र हाती येताच त्या यादीत नाव घालावे. पण केवळ त्या भरवशावर विमानात बसू नये. माझा नंबर लागला तोवर मी 'वेगे'मध्ये स्थिरावले होते. वेगे म्हणजे तीन-चार जणांनी मिळून घेतलेले घर : प्रत्येकाला स्वतंत्र खोली, स्वयंपाकघर आणि न्हाणीघर सामाईक. एखादी खोली रिकामी झाली की उरलेले लोक नवा माणूस निवडतात आणि घरमालक बहुधा त्यांचेच ऐकतो.

या निवडीला येथे गमतीने 'कास्टिंग' म्हणतात, पण ती गंभीरपणे चालते. माझ्या वेळी स्वयंपाकघरातल्या टेबलाभोवती तिघे जण बसले होते, मध्ये चहाची किटली होती आणि भिंतीवर स्वच्छतेच्या पाळ्यांचा तक्ता लावलेला होता. भाडे परवडेल का, हा प्रश्न कोणीही विचारला नाही. भांडी लगेच घासतेस की सकाळी, पाहुणे किती दिवस राहतात, सकाळी न्हाणीघर किती वाजता लागते, आणि आम्ही एकमेकांबरोबर जेवावे अशी तुझी अपेक्षा आहे की आपापले दार लावून राहणे तुला चालेल, असे प्रश्न होते. आपल्याकडच्या कांदेपोह्यांच्या कार्यक्रमाची आठवण व्हावी असाच तो प्रकार होता, फक्त येथे उलट प्रश्न विचारणे हे चांगले लक्षण मानतात. मी तक्त्यातली पाळी चुकली तर काय होते असे विचारले, आणि मला वाटते तिथेच माझी निवड झाली.

भारतातून अर्ज करणाऱ्यांनी एकच मजकूर सगळ्यांना पाठवू नये. जाहिरात नीट वाचावी, तिच्यातल्या एखाद्या गोष्टीचा उल्लेख करून मोडक्यातोडक्या का होईना जर्मनमध्ये चार ओळी लिहाव्यात आणि व्हिडिओवर बोलण्याची तयारी आपणहून कळवावी. सत्रांच्या मधल्या सुट्टीत बरेच जण आपली खोली दोन-तीन महिन्यांसाठी पोटभाड्याने देतात. तशी खोली घेऊन आधी येथे यावे आणि मग प्रत्यक्ष शोधावे, हा मार्ग मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो.

पीएचडी संशोधक, शहराचा पूर्व भाग

वेगेऐवजी स्वतंत्र घर हवे असेल तर स्वभावाची जागा कागद घेतात. घर पाहण्याची वेळ ठरलेली असते आणि त्या वेळेला जिन्यात दहा-पंधरा माणसे हातात फाइल घेऊन उभी असतात. त्या फाइलमध्ये पासपोर्टची प्रत, नोकरीचा करार, पगाराच्या तीन पावत्या, आधीच्या घरमालकाकडून भाडे थकलेले नसल्याचे पत्र आणि 'शुफा', म्हणजे आर्थिक पत कशी आहे याचा दाखला, असावा लागतो. नव्याने आलेल्या माणसाची शुफामध्ये नोंदच नसते. तेव्हा संशोधकाने विद्यापीठाचा करार आणि विद्यार्थ्याने ब्लॉक्ड अकाउंटचे पत्र पुढे करावे. सप्टेंबर 2024 पासून व्हिसासाठी या खात्यात वर्षाला 11,904 युरो ठेवावे लागतात आणि त्यातून दरमहा 992 युरो काढता येतात. घरमालकही याच आकड्याकडे बघून भाडे झेपेल का याचा अंदाज बांधतो.

जाहिरातीतले भाडे 'काल्ट' आहे की 'वार्म', हे आधी पाहावे. काल्ट म्हणजे नुसत्या जागेचे भाडे. त्यात पाणी, कचरा, जिन्याची सफाई आणि बहुतेक ठिकाणी हीटिंग मिळवले की ते वार्म होते, आणि विजेचा करार त्यानंतरही बहुधा आपला आपल्यालाच करावा लागतो. अनामत काल्ट भाड्याच्या तीन पटींहून अधिक घेता येत नाही आणि ती तीन समान मासिक हप्त्यांत भरण्याचा हक्क भाडेकरूला कायद्याने दिलेला आहे. दलालाची फी 2015 पासून, ज्याने दलाल नेमला त्यानेच द्यायची असते. त्यामुळे घरमालकाच्या दलालाने आपल्याकडे पैसे मागितल्यास शांतपणे नकार द्यावा.

आपल्याकडच्या अकरा महिन्यांच्या कराराची सवय असलेल्यांना आणखी एक गोष्ट नवी वाटेल. येथील करार साधारणपणे बेमुदत असतो आणि घरमालकाला सबळ कारणाशिवाय भाडेकरूला काढता येत नाही. आत शिरताना एवढी पारख का होते, याचे उत्तर मला वाटते यातच आहे.

घर रिकामे म्हणजे अगदी रिकामे असते. माझ्या घरात सिंक नव्हते, शेगडी नव्हती, आणि छतातून दिव्यासाठी नुसत्या तारा लोंबत होत्या. आधीच्या भाडेकरूने आपले स्वयंपाकघर मला विकत देऊ केले आणि मी ते आनंदाने घेतले, कारण नवे बसवण्याचा खर्च ऐकूनच माझी भूक गेली होती.

पदव्युत्तर विद्यार्थी, ग्रोने

एक धोक्याची सूचना तेवढी जोडतो. भाडे आश्चर्य वाटावे इतके कमी, छायाचित्रे मासिकात शोभतील अशी, मालक 'सध्या परदेशात', आणि अनामत भरली की किल्ली कुरिअरने पाठवण्याचे आश्वासन, असे चारही योग जुळून आले की ती फसवणूक समजावी. मला अशा एका 'मालका'ने स्वतःच्या पासपोर्टची प्रतही पाठवली होती. ती बहुधा आधी फसलेल्या कोणाची तरी असावी. स्वतः किंवा ओळखीच्या कोणी घर आतून पाहिल्याशिवाय एक युरोही पाठवू नये, आणि आपल्या पासपोर्टची प्रतही सहज कोणाला देऊ नये.

वरील अनुभवांना जोडून, एक जुनी रहिवासी

किल्ली मिळाल्यानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांबद्दल कोणी लिहिले नाही, म्हणून लिहिते. राहायला आल्यापासून दोन आठवड्यांच्या आत नगरपालिकेत पत्त्याची नोंद, म्हणजे 'अनमेल्डुंग', करावी लागते आणि तिच्यासाठी घरमालकाने सही केलेला राहत असल्याचा दाखला लागतो. कराराची प्रत त्याऐवजी चालत नाही. करांचा क्रमांक आणि पुढे निवास-परवाना या नोंदीवर अवलंबून असतात. म्हणून खोली देणारा 'नोंद मात्र करता येणार नाही' असे म्हणाला तर ती खोली कितीही चांगली असली तरी सोडून द्यावी.

दुसरे, टपालपेटीवर आपले आडनाव लावावे. येथे पत्त्यात फ्लॅट क्रमांक नसतो. पोस्टमन पेटीवरचे नाव वाचून पत्र टाकतो आणि नाव दिसले नाही तर पत्र परत जाते. बँकेचे कार्ड आणि त्याचा पिन वेगवेगळ्या पाकिटांतून येतात. माझ्या ओळखीतल्या एका नव्या मुलाचे कार्ड आले आणि पिन परत गेला, कारण मधल्या काळात पावसाने पेटीवरची त्याच्या नावाची चिठ्ठी पुसली होती. चिठ्ठीवर पारदर्शक चिकटपट्टी लावावी.

नोंद झाली की काही आठवड्यांत रेडिओ-टीव्हीच्या शुल्काचे पत्र येते. ते दरमहा 18.36 युरो असून टीव्ही असो वा नसो, घरटी एकदाच द्यावे लागते. वेगेमध्ये एकजण भरत असेल तर बाकीच्यांनी आपल्याला आलेल्या पत्राच्या उत्तरात त्याचा शुल्क-क्रमांक कळवावा आणि आपला वाटा त्याला द्यावा.

दांपत्य आणि लहान मूल, निकोलाउसबेर्ग

आम्ही टेकडीवरच्या या भागात घर घेतले ते खाली शहरात मुलासह कोणी लवकर घर देईना म्हणून. आता हिवाळ्यात सायकल चढवताना दम लागला तरी येथून हलावेसे वाटत नाही. येथे लिहायचे आहे ते मात्र फोडणीबद्दल.

नीडरजाक्सेनमध्ये झोपण्याच्या खोल्यांत आणि बाहेर पडण्याच्या मार्गिकेत धुराचे अलार्म असणे सक्तीचे आहे, आणि ते चालू ठेवण्याची जबाबदारी, घरमालकाने ती स्वतःकडे घेतली नसेल तर, राहणाऱ्याची असते. आमच्या स्वयंपाकघराचे दार मार्गिकेत उघडते. मोहरी तडतडून सुक्या मिरच्या तेलात पडल्या की ठसका आम्हाला लागण्याआधी छतावरची ती पांढरी डबी किंचाळू लागायची. पहिल्या वेळी खालच्या मजल्यावरच्या आजी घरच्या चपलांतच वर आल्या. अलार्म काढून ठेवणे हा उपाय नव्हे. फोडणी देताना दार लावायचे, खिडकी पूर्ण उघडायची आणि दाराच्या फटीशी पंचा टाकायचा, ही पद्धत आम्हाला लागू पडली.

बुरशीचा प्रश्न याहून मोठा आहे. जाड बांधणीच्या, घट्ट खिडक्यांच्या या घरांत वरणभाताची वाफ, न्हाणीघरातला ओलावा आणि खोलीत वाळत घातलेले कपडे मिळून थंड भिंतीवर पाणी धरते आणि कपाटामागे काळे डाग पडतात. भाडेकरूने हवा खेळती ठेवली नाही असे ठरले तर खर्च त्याच्यावर येऊ शकतो. खिडकी दिवसभर तिरपी ठेवण्याने भिंती गार होतात; त्याऐवजी दिवसातून तीन-चार वेळा सगळ्या खिडक्या पाच-दहा मिनिटे सताड उघडाव्यात, तेवढ्यापुरते हीटर बंद करावेत आणि कपाट भिंतीपासून चार बोटे लांब ठेवावे. ओलावा दाखवणारा छोटा मापक अगदी स्वस्तात मिळतो. आकडा साठच्या वर दिसू लागला की आमचा मुलगाच आता खिडकीकडे धावतो.

रात्री दहा ते सकाळी सहा शांतता पाळायची असते आणि रविवारी दिवसभर. इडलीचे पीठ शनिवारी दुपारी वाटून ठेवावे.

धागाकर्ता

शेवटच्या सूचनेचे सर्व इडलीप्रेमींच्या वतीने स्वागत. घर सोडतानाचा अनुभव कोणी लिहील का? अनामत परत मिळण्याबद्दल वारंवार विचारणा होते.

गॉटिंगेनहून हॅनोव्हरला गेलेला अभियंता

घर सोडण्याची तयारी घर घेण्याच्या दिवशीच करायची असते. ताबा घेताना सरकारी पंचनाम्यासारखी नोंद होते : भिंतीवरचे डाग, फरशीवरचे ओरखडे, किल्ल्यांची संख्या, वीज व पाण्याच्या मीटरचे आकडे. त्यात प्रत्येक खोट लिहून घ्यावी, तारखेसह छायाचित्रे काढावीत आणि मगच सही करावी. घरमालक 'हे किरकोळ आहे, लिहिण्याची गरज नाही' असे म्हणाला तरी हसतमुखाने लिहावे.

सोडण्याची सूचना तीन महिने आधी द्यावी लागते. महिन्याच्या तिसऱ्या कामकाजाच्या दिवसापर्यंत ती पोचली तरच तो महिना धरला जातो, आणि ती सही केलेल्या कागदावरच द्यावी लागते. ई-मेल किंवा व्हॉट्सअॅप संदेश कायद्याने ग्राह्य नाही. बदली भाडेकरू आणून दिला की आपण लगेच मोकळे होतो, अशी समजूत भारतीयांत सर्रास आढळते, परंतु घरमालकाने ते मान्य केलेच पाहिजे असे नाही.

माझ्या करारात सोडताना सर्व भिंती रंगवून देण्याचे कलम होते. मी घर घेतले तेव्हा भिंती जुन्याच होत्या आणि तशी नोंद ताब्याच्या कागदात होती. घर न रंगवता दिले असेल आणि त्याचा योग्य मोबदला दिला नसेल तर असे कलम भाडेकरूवर लादता येत नाही, असा निकाल जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने 2015 मध्ये दिला आहे. भाडेकरू संघटनेची वार्षिक वर्गणी भरून मी तेथील सल्लागाराकडून पत्र लिहून घेतले आणि रंगाचा विषय संपला. भिंतीतली खिळ्यांची भोके मात्र मी स्वतः लांबी भरून बुजवली.

अनामतीचा मोठा भाग काही महिन्यांत परत आला. थोडी रक्कम घरमालकाने वार्षिक हिशेबासाठी राखून ठेवली आणि तसे करणे रास्त प्रमाणात त्याला मुभा असते. हिशेबाचे वर्ष संपल्यापासून बारा महिन्यांच्या आत त्याने हीटिंग-पाण्याचा हिशेब दिला नाही तर तो जास्तीचे पैसे मागू शकत नाही. माझा हिशेब अकराव्या महिन्यात आला आणि त्यात मलाच काही युरो परत मिळायचे निघाले. म्हणून शहर सोडताना नवा पत्ता घरमालकाला लेखी कळवावा आणि जर्मन बँकेतले खाते तोवर बंद करू नये.