मेथाडोन चालू आहे, तरी मॉर्फिनची पट्टी निगेटिव्ह. रिपोर्ट काय द्यावा?

लॅब_टेक_सोलापूर:
व्यसनमुक्तीच्या रुग्णाला रोज मेथाडोन (हेरॉइनच्या व्यसनावर दिलं जाणारं औषध) सुरू आहे. आमच्या लघवी तपासायच्या कार्डावर मेथाडोनची पट्टी नाही. एमओपी, म्हणजे मॉर्फिनच्या पट्टीवर दोन्ही रेषा आल्या, म्हणजे निगेटिव्ह. घरचे म्हणतात, ‘म्हणजे औषध घेतच नाही, बाहेर थुंकतो.’ असं लिहून देता येईल का? आणि सध्याच्या उन्हात नमुना ताजा आहे हे कसं ओळखायचं?

रसायन_कट्टा:
अजिबात लिहू नका. एमओपी पट्टी मॉर्फिन, कोडीन, हेरॉइन पकडते. मेथाडोन पूर्ण कृत्रिम, रेणूची घडणच वेगळी, त्यामुळे ते या पट्टीला दिसतच नाही. उलट या रिपोर्टचा अर्थ, वरून ब्राऊन शुगर (हेरॉइन) घेतल्याचं दिसत नाही. ही रुग्णाच्या बाजूची गोष्ट आहे, घरच्यांना ती नीट समजावून सांगा.

मेथाडोनसाठी एमटीडी पट्टी वेगळी मिळते, कटऑफ (ज्या प्रमाणापासून पट्टी पॉझिटिव्ह धरते) बहुधा मिलिलिटरला ३०० नॅनोग्रॅम. पण मागवायचीच तर ईडीडीपीची मागवा. ईडीडीपी यकृतात मेथाडोन मोडल्यावर तयार होतं. डबीत थेंबभर औषध टाकलं तर एमटीडी पॉझिटिव्ह येईल, ईडीडीपी मात्र निगेटिव्हच राहील. लघवी अल्कलाइन असली की मेथाडोन कमी बाहेर पडतं, ईडीडीपीवर तो परिणाम होत नाही.

ब्युप्रेनॉर्फिनच्या (व्यसनमुक्तीचंच दुसरं औषध) गोळीवर असलेल्यांचंही तसंच. एमओपीवर विसंबू नका, बीयूपी पट्टी वेगळी, कटऑफ साधारण १० नॅनोग्रॅम.

पॅथ_मॅडम:
नमुन्याचं सांगते. नियम असा की लघवी दिल्यापासून ४ मिनिटांत तापमान ३२ ते ३८ अंश हवं. पण मे महिन्यात सोलापूरचा पारा चाळिशीपार असतो, तेव्हा खिशात आणलेली जुनी बाटलीही याच टप्प्यात भरते. उन्हाळ्यात डबीवरच्या तापमानपट्टीचा भरवसा धरू नका, लघवीतलं क्रिएटिनिन (शरीरातून नेहमी बाहेर पडणारा टाकाऊ पदार्थ) तपासा. रक्ताच्या सीरममधलं क्रिएटिनिन मोजायचं जॅफे किटच चालतं. किटच्या पत्रकात दिलं असेल तितकं, बहुधा ५० पट, पातळ करून उत्तराला तेवढ्यानेच गुणायचं. २० मिग्रॅ प्रति डेसिलिटरच्या खाली आणि विशिष्ट गुरुत्व १.००३ च्या खाली, म्हणजे नमुना पाणीदार. तेव्हा निगेटिव्ह न लिहिता ‘नमुना पातळ, पुन्हा द्यावा’ लिहा. उन्हात माणूस तांब्यावर तांब्या पाणी पितो, लगेच लबाडी समजू नका.

कार्डं ३० अंशांच्या आत ठेवायची, पत्र्याच्या खोलीत नाही. फ्रिजमधलं कार्ड आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मगच पाकीट फाडा, नाहीतर ओल धरतं.

लॅब_टेक_सोलापूर:
टी रेषा (चाचणीची रेषा) अगदी पुसट आली तर?

रसायन_कट्टा:
पुसट असली तरी निगेटिव्हच. या पट्टीत रेषा नाहीशी होणं म्हणजे पॉझिटिव्ह. सी रेषाच (कार्ड नीट चाललं हे दाखवणारी कंट्रोल रेषा) नसेल तर कार्ड बाद. ५ मिनिटांनी वाचा, १० मिनिटांनंतरचं वाचन धरू नका.

पॅथ_मॅडम:
एक राहिलं. एमटीडी पट्टी डायफेनहायड्रामिन, डॉक्सिलामिन, क्वेटियापिन यांनीही खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. सर्दी-खोकल्याची, झोपेची आणि मानसोपचाराची औषधं रुग्णाला विचारून फॉर्मवर लिहा. रिपोर्टखाली ‘प्राथमिक चाचणी, एलसी-एमएसने खात्री आवश्यक’ हे वाक्य हवंच (एलसी-एमएस म्हणजे मोठ्या लॅबमधली अचूक यंत्र-तपासणी). एका पट्टीवरून कुणाचा डोस तोडला गेला तर तो माणूस पुन्हा सुईकडे वळू शकतो. आणि रिपोर्ट थेट डॉक्टरांकडे द्या, घरच्यांच्या हातात नको.