जावळी-पाटणच्या डोंगरातली गावे पुन्हा वसवावीत का?

यात्रेकरू :
कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयापलीकडच्या आमच्या वाडीत यंदाही चैत्रातल्या यात्रेला जाऊन आलो. शेजारच्या काकांनी मुंबईहून येतानाच गोडेतेलाची बाटली आणली होती. गंजलेल्या कुलपात चार थेंब सोडायचे, किल्ली फिरवायची, तीन दिवस चूल पेटवायची आणि चौथ्या दिवशी तापोळ्याची लाँच धरायची, असा आता शिरस्ताच झाला आहे.

हे स्थलांतर जुनेच आहे. उतारावरची नाचणी-वरी वर्षभर पुरत नसे, म्हणून गडी माणसे मुंबईच्या गिरण्यांत आणि गोदीत गेली. पाटण तालुक्यातल्याच अण्णासाहेब पाटलांनी ज्या माथाडींना संघटित केले आणि ज्यांच्यासाठी १९६९ चा कायदा झाला, त्यांत आमच्याकडची घरेच्या घरे होती. दरम्यान धरणाच्या पाण्याने खोऱ्यातली सपाट भातशेती गिळली आणि ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपाने उरलीसुरली घरे खिळखिळी केली. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडल्या, तरीही माणसे परतली नाहीत, याचा विचार व्हायला हवा.

आता सातारा, पाटण, जावळी आणि महाबळेश्वर तालुक्यांतली दोनशेहून जास्त गावे ‘नवीन महाबळेश्वर’ प्रकल्पात घेतली आहेत आणि पर्यटनाने गावे पुन्हा नांदती होतील, असे सांगितले जाते. मला ते पटत नाही. आमच्या सातबाऱ्यावर चौतीस नावे आहेत. परतून एखाद्याला गोठा बांधायचा म्हटले, तरी कर्जाच्या कागदावर तेहतीस सह्या लागतात. आधी वाटण्या करून सातबारे मोकळे करावेत, मग बाकीचे.

घाटवाट :
आपला लेख मनापासून लिहिलेला आहे, पण आपण स्वतः तीन दिवसांसाठीच जाता, हेही त्यात आहे. ज्यांनी दोन-तीन पिढ्यांपूर्वी गाव सोडले, त्यांच्या हळहळीपायी चार मुलांसाठी शिक्षक आणि सहा घरांसाठी रस्ता ठेवावा, हे मला रास्त वाटत नाही. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. त्याच्या लगतच्या वाड्यांत गवे आणि रानडुकरे एका रात्रीत वावर साफ करतात. नुकसानभरपाईसाठी पंचनामा होईपर्यंत पेरणीचा हंगामही उलटतो. अशा ठिकाणी शेती करा, असे कोणाला सांगायचे? ज्यांना खाली यायचे आहे, त्यांना चांगली जमीन आणि पुरेसे पैसे द्यावेत आणि डोंगर रानाला सोडावा. मात्र कोयनेच्या विस्थापितांसारखी त्यांचीही फरफट होऊ नये, एवढीच माझी अट आहे.

आगोटीची बाई :
आपण दोघेही गाव रिकामे झाले असे धरून बोलता. मी त्याच खोऱ्यात राहते आणि आमच्या वाडीत आज अकरा चुली पेटतात.

गाव कसे रिकामे होते, ते मी पाहिले आहे. पट कमी झाला म्हणून शाळा हलते, मुलांसाठी आई मेढ्याला किंवा साताऱ्याला भाड्याची खोली घेते आणि म्हशी विकल्या जातात. मग फक्त म्हातारी माणसे उरतात. घाटवाट यांना चार मुलांचा शिक्षक जड वाटतो. तो गेला की चार घरे जातात, हा हिशेब त्यांनी धरलेला नाही. कोयनेचे पाणी वीज करून खाली उतरते, पण आमचा आजारी माणूस अजूनही लाँचची वाट पाहतो.

यात्रेकरूंच्या वाटणीच्या आग्रहाची मला जास्त भीती वाटते. आज आमच्याकडे जमिनी शिल्लक आहेत, त्या सातबारा अडकलेला आहे म्हणूनच. वाटण्या झाल्या की मुंबईतला हिस्सेदार फोनवर सौदा करील, पुण्याचा कोणी तारेचे कुंपण घालील आणि आमच्या मुलांना त्याच्याच हॉटेलात ताटे विसळायला ठेवील.

यात्रेकरू :
वाटणीने विक्रीची वाट मोकळी होते, हे मी धरले नव्हते. शिवाय १९४७ च्या तुकडेबंदी कायद्यामुळे आमच्यासारख्या लहान वावरांची चौतीस जणांत वाटणी व्हायचीही नाही. मग निदान कसणाऱ्याच्या नावे दीर्घ मुदतीचा करार करून द्यावा, मालकी सगळ्यांची राहू द्यावी, असे आता वाटते. भिलारचे उदाहरण कोणी देऊ नये. २०१७ मध्ये ते पुस्तकांचे गाव झाले, त्याआधीच तिथे स्ट्रॉबेरीचा पैसा होता आणि ते पाचगणी-महाबळेश्वरच्या वाटेवर आहे.

घाटवाट, शाळेबाबत मात्र मी ताईंच्या बाजूने आहे.

आगोटीची बाई :
करार चालेल. तोवर मृगाच्या आधी कौले चाळायला एका माणसाला मजुरी देऊन ठेवा. मागच्या आषाढात आमच्या शेजारचे असेच कुलूपबंद घर वळचणीकडून बसले आणि त्याची भिंत आमच्या गोठ्यावर आली.