तपकिरी पडलेलं कोरल आणि लाईटचा प्रश्न
खाऱ्या पाण्याच्या टाकीतलं (अॅक्वेरियममधलं) कोरल, म्हणजे प्रवाळ, तपकिरी पडलं तर लाईट वाढवा, असा सल्ला दिला जातो. त्यात तथ्य आहे, पण घाई नको. कोरलच्या पेशींत राहणारं शेवाळ (झूझँथेली) जास्त वाढलं की मूळचा निळा-जांभळा रंग त्याखाली झाकला जातो. हे कमी उजेडामुळे होतं, तसंच पाण्यात नायट्रेट-फॉस्फेट ही पोषकद्रव्यं साचल्यानेही होतं. म्हणून आधी पाणी तपासा.

मात्र नायट्रेट-फॉस्फेट शून्यावर आणायच्या मागे लागू नका. उपाशी कोरल फिकट पडतं. नायट्रेट ५ ते १० आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएमच्या (दहा लाखांत किती भाग) आसपास असेल तर मला तरी काळजी वाटत नाही.

खरा जीव अल्कलिनिटीत (आम्ल सामावून पाण्याचा pH स्थिर ठेवायची क्षमता) आहे. ८ dKH (तिचं एकक) ठेवा किंवा ९, पण रोज तीच ठेवा. अॅक्रोपोरासारखी फांद्यांची कोरल्स तिच्या चढउताराने बुडापासून सोलवटतात आणि खालचा पांढरा सांगाडा उघडा पडतो. कॅल्शियम ४००-४५० आणि मॅग्नेशियम १३०० पीपीएमच्या जवळ असलं म्हणजे झालं.

एवढं जमल्यावरच लाईट वाढवा, तेही काही आठवड्यांत थोडं थोडं करून. फांदीच्या टोकाला फिकट, नवी वाढ दिसतेय का आणि पॉलिप्स (कोरलचे इवले, फुलासारखे जीव) नीट बाहेर येतायत का, हे रोज बघा. पॉलिप्स आत ओढलेले दिसले तर लाईट तिथेच थांबवा आणि अल्कलिनिटी पुन्हा मोजा.