फिजिक्सच्या पोरांना फोटॉनिक बायोसेन्सरचा प्रोजेक्ट द्यावा का?

होटगीरोडकर: परवा पुतण्याच्या डेंग्यूच्या रिपोर्टसाठी रात्र काढावी लागली. एलायझा म्हणजे रक्तातलं प्रथिन रंगावरून ओळखायची चाचणी. तिच्यात एन्झाइमची खूण लावा, धुवा, परत धुवा, रंगाची वाट बघा. फोटॉनिक क्रिस्टलच्या सेन्सरला खूण लागत नाही. आपल्या चादरीच्या नक्षीसारखीच ठरावीक अंतरानं परत परत येणारी रचना, फक्त प्रकाशाच्या तरंगलांबीहून बारीक. ती एक ठरावीक तरंगलांबी जोरात परत पाठवते. वर बसवलेल्या अँटिबॉडीला प्रथिन चिकटलं की पाण्याच्या (अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश किती मंदावतो तो आकडा, १.३३) जागी प्रथिन (साधारण १.४५) येतं आणि ती तरंगलांबी किंचित लाल बाजूला सरकते. सोलापुरातल्या कॉलेजांत हे का होऊ नये?

लॅबवाली: दादा, तुमचा सेन्सर काहीतरी चिकटलं एवढंच सांगतो. काय चिकटलं ते नाही. सीरममध्ये, म्हणजे रक्त गोठल्यावर उरणाऱ्या पाण्यात, अल्ब्युमिन हे नेहमीचं प्रथिन लिटरला ३५ ते ५० ग्रॅम असतं आणि हार्ट अटॅकमध्ये आम्ही शोधतो ते ट्रोपोनिन लिटरला नॅनोग्रॅममध्ये! धुण्याला नावं ठेवू नका. माझ्या हातून एकदा एक धुणं राहिलं, तर प्लेटमधलं सँपल न घातलेलं वेलसुद्धा (खळगा) पिवळंधमक झालं होतं. पूर्ण प्लेट फेकली. शिवाय सँडविच एलायझात एकाच प्रथिनाला दोन बाजूंनी पकडणाऱ्या अँटिबॉडी दोन, म्हणजे साक्षीदार दोन. तुमच्याकडे एकच. आणि मे महिन्यात लाइट गेली, एसी बंद पडला की? पाण्याचा अपवर्तनांक तापमानानं हलतो, अंशाला साधारण ०.०००१.

होटगीरोडकर: तापमानासाठी शेजारी अँटिबॉडी नसलेला पट्टा ठेवून त्याचं सरकणं वजा करतात. आणि प्रथिन किती वेगानं चिकटतं, किती वेगानं सुटतं, हे चालू असतानाच दिसतं. साध्या एलायझात शेवटचा रंग तेवढा कळतो. याच तत्त्वाच्या जवळचं, सोन्याच्या पातळ थरावरचं बायकोर यंत्र १९९० पासून विकलं जातंय.

लॅबवाली: तिथं बहुतेक वेळा बफरमधलं (स्वच्छ क्षारांच्या द्रावणातलं) शुद्ध प्रथिन असतं. आमच्याकडे माणसाचं रक्त येतं. आणि उघड्या पट्ट्यावर जेवढं भलतं चिकटेल तेवढंच अँटिबॉडीच्या पट्ट्यावर चिकटेल, हे कशावरून? वजाबाकीच चुकते. निदान दुसरी, संबंध नसलेली अँटिबॉडी तरी बसवा.

केमिस्ट्रीवाला: ताईंचं पटतं. क्रिस्टलच्या बारीक खाचा विकत मिळतील, मेहनत पृष्ठभागावर आहे. पॉलिएथिलीन ग्लायकॉलचा थर दिला तर भलतं चिकटणं बरंच कमी होतं. पूर्ण थांबत नाही.

होटगीरोडकर: मान्य. तरी पोरांनी ते सरकणं आधी डोळ्यांनी बघावं. पृष्ठभागाचं वेड त्यानंतरच लागतं.

लॅबवाली: मग साखरेच्या पाण्यावर बघू द्या. दुसऱ्या दिवशी ट्रोपोनिन न घालता नुसतं सीरम सोडा, आणि किती सरकलं ते लिहून ठेवा. पेशंटचं नको, विकतचं गाईचं घ्या.