मदत हवी आहे: आयोवाच्या सू काउंटीत करारावर डुकरं पाळणाऱ्यांपर्यंत कोविडची मदत किती पोचली?

नमस्कार मंडळी,

अमेरिकेत शेतीशी किंवा तिथल्या शेतकी खात्याशी संबंध येणारं इथे कुणी असेल तर मदत हवी आहे. करारावरच्या पशुपालनावर मराठीत लेख लिहितोय आणि आयोवा राज्यातल्या सू काउंटीच्या (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) आकड्यांपाशी गाडी अडली आहे.

मला समजलंय ते आधी सांगतो, चुकत असेल तर दुरुस्त करा. एप्रिल २०२० मध्ये कामगारांत कोविड पसरला आणि सू फॉल्स, वॉटर्लू इथले मांसाचे मोठे कारखाने बंद पडले. तयार डुकरं उचलली जाईनात, काही ठिकाणी मारून टाकावी लागली. सू काउंटीत माणसं साधारण ३६ हजार आणि डुकरं दहा लाखांच्या वर, म्हणजे फटका केवढा बसला असेल बघा. सरकारने 'कोरोनाव्हायरस फूड असिस्टन्स प्रोग्राम' आणला. पहिल्या फेरीत शेतकऱ्यांना थेट द्यायला १६ अब्ज डॉलर. सप्टेंबरात दुसरी फेरी, तिच्यात डुकरामागे २३ डॉलर. अर्ज शेतकी खात्याच्या फार्म सर्व्हिस एजन्सीच्या काउंटी ऑफिसात.

ग्यानबाची मेख अशी की पैसे जनावराच्या मालकाला. करारावर पाळणाऱ्याची शेड, वीज, कर्ज आणि राबणं. पिल्लं आणि खाद्य कंपनीचं. बाजारभावाची जोखीम त्याच्यावर नाही म्हणून दोन्ही फेऱ्यांत तो बाहेर. पण शेड रिकामी राहिली तरी बँकेचा हप्ता त्यालाच भरावा लागतो, ही जोखीम नाही तर काय? डिसेंबर २०२० च्या कायद्यात अशांसाठी १ अब्ज डॉलरपर्यंत तरतूद झाली, बुडालेल्या उत्पन्नाच्या ८० टक्क्यांपर्यंत भरपाई. अर्जाची मुदत ऑक्टोबर २०२१ पर्यंत होती.

हे इतकं खोदतोय कारण सिन्नर तालुक्यात आमची ब्रॉयलरची शेड आहे, तीही करारावरच. चिकनने कोरोना होतो अशी अफवा उठली तेव्हा पक्षी वजनावर येऊनही लिफ्टिंगची, म्हणजे पक्षी उचलून नेणारी कंपनीची गाडी येईना. शेडमध्ये पाय ठेवायला जागा नाही, आणि थोरला भाऊ उरलेल्या गोण्या मोजून मोजून खाद्य घालतोय. एप्रिलमध्ये पीएम-किसानचे दोन हजार आले, तेही सातबाऱ्यावर नाव होतं म्हणून. शेडसाठी एक रुपया नाही. तिकडे उशिरा का होईना, करारवाल्याचं नुकसान कायद्यात आलं. प्रत्यक्ष हातात किती पडलं, ते मला नीट मांडायचं आहे.

तर, करारवाल्यांना दिलेली रक्कम काउंटीनिहाय वेगळी काढलेली कुठे मिळेल का? मला सापडतात ते आकडे सगळे एकत्र. शिवाय रक्कम अर्जदाराच्या पत्त्यावरून धरतात की शेड असलेल्या काउंटीवरून? शेड सूमध्ये आणि घर शेजारच्या काउंटीत असं असेल तर सगळा हिशेबच हलतो. तिथल्या माहिती अधिकारात परदेशातूनही अर्ज करता येतो. शेतकी खात्याकडे कुणी केला असेल तर मागणी कशी लिहिली होती ते कृपया सांगा. मोघम लिहिलं की मोघमच उत्तर येतं, हे आपल्याकडेही पाहिलंय.

आणि त्या भागात कुणाची करारावर डुकरं पाळणाऱ्याशी ओळख असेल तर अर्धा तास फोनवर बोलायला मिळालं तरी खूप होईल. नाव छापणार नाही, लेख आधी त्यांना इंग्रजीत करून दाखवीन. व्यक्तिगत निरोप पाठवलात तरी चालेल.